कोल्हापूरच्या उद्यमनगरातले पद्मिनीवाले मेस्त्री: पाचापैकी चार तारे

गॅरेजला बोर्ड नाही आणि मेस्त्रींनी नाव घालायला बंदी केली आहे. "मागं एकानं घातलं हुतं. पोरं मोबाईल घिऊन फोटो काढाय येत्यात, काम कोण आणत न्हाई." म्हणून नाव नाही. कसं सापडायचं ते शेवटी सांगते.

मी एसटीच्या हिशेब शाखेत बत्तीस वर्षं काढली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले. गाडीतलं मला फार कळत नाही, बिलातलं कळतं. तेव्हा हा अभिप्राय त्या अंगानं वाचा.

गाडी माझ्या थोरल्या चुलत्यांची, आबांची. १९८१ ची प्रीमियर पद्मिनी, तीन अक्षरी जुन्या नंबरची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात ती फियाट ११०० या नावानं काढायला सुरुवात केली, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. पण आबांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, तेव्हा उसाच्या बिलातून आबांनी ती घेतलेली. १९८७ साली बिद्रीच्या रस्त्यावर मी तिच्यावरच शिकले. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढं तिघं बसतील अशी सलग सीट, मधे आबा आणि दाराकडं आमचा चुलतभाऊ दादा, त्याला माझ्या आधी शिकवलं नाही म्हणून फुगलेला.

आबा २००६ मध्ये गेले. दादानं गाडी बंद पडलेल्या गुऱ्हाळघरात काहिलीच्या शेजारी नेऊन लावली. ती सतरा वर्षं तिथंच. वर चिपाडं, खाली उंदीर, मागच्या सीटवर कोंबड्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्याची बातमी टीव्हीवर लागली आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, "भंगारवाला बावीस हजार म्हणतोय, देऊ?" मी म्हटलं, मलाच दे, बावीस हजाराला. तो म्हणाला, तुझ्याकडनं काय पैसे घ्यायचे. मी घ्यायला लावले. पुढं कागदपत्रांच्या वेळी हे बरं पडलं.

मेस्त्रींकडं जायच्या आधी दोन ठिकाणी विचारलं. एकानं फोटो बघून सात लाख सांगितले आणि 'शोरूम कंडिशन' हा शब्द चारदा वापरला. दुसऱ्यानं मारुतीचं इंजिन टाकून देतो म्हणून सांगितलं. आरसी बुकावरच्या इंजिन नंबरचं काय, हे विचारल्यावर "ते बघू की" म्हणाला. 'ते बघू की' म्हणून मंजूर केलेल्या बिलांचं पुढं काय होतं ते मी बत्तीस वर्षं बघितलंय. मग डेपोतल्या एका निवृत्त फिटरनं या मेस्त्रींचं नाव काढलं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी, तिसरी गल्लीत. भिंतीवर कॅलेंडर, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बिलं. मेस्त्रींचं वय सत्तरीच्या आसपास. टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा माझ्या भाच्यानं नवी बॅटरी आणलेली होती, त्याला वाटलं किल्ली फिरवायची आणि व्हिडिओ काढायचा. मेस्त्रींनी आधी किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली.

"सतरा वर्षं आत तेल न्हाई फिरलेलं. आता मारला स्टार्टर तर रिंगा मोडतील, न्हाईतर बोअरला चरे पडतील. मग म्हणशीला मेस्त्रीनं इंजिन घालवलं."

रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑईलचं मिश्रण ओतलं, वर चिंध्या कोंबल्या आणि आठ दिवसांनी या म्हणाले. एवढंच. त्या दिवशीचं बिल शून्य. भाचा नाराज होऊन गेला.

आठ दिवसांनी गेले तर इंजिनाला कुणी हात लावलेला नव्हता, चारही चाकं मात्र काढलेली होती. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. प्रत्येक ड्रमच्या आत व्हील सिलिंडर, त्यात छोटे पिस्टन, आणि सतरा वर्षांत ब्रेक ऑईलनं हवेतलं पाणी ओढून ते सगळे पिस्टन गंजून जाम. मी विचारलं, आधी इंजिन चालतंय का ते बघायला नको? गाडीच उठणार नसेल तर ब्रेकचा खर्च कशाला?

"थांबायचं आधी, पळायचं मागनं. इंजिन चालू झालं की तुमी घरी न्यायला बघणार. समदीच बघत्यात."

हे खरं होतं. मी तेच करणार होते.

बाजारात नवे व्हील सिलिंडर मिळतात, पण मेस्त्रींचा त्यांच्यावर विश्वास नाही. महिन्याभरात पाझरतात म्हणतात. त्यांनी जुनेच कंपनीचे सिलिंडर शेजारच्या गल्लीत लेथवर नेऊन आतून पितळी स्लीव्ह बसवून घेतली आणि नवीन रबर किट टाकलं. कोल्हापूर म्हणजे म्हादबा मेस्त्रींचं, त्या जुन्या नावाजलेल्या यंत्रकारागिराचं गाव, इथं याची अडचण नाही. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरात इथं ओतकाम, लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग सगळं आहे. पुण्या-मुंबईत याच कामासाठी सुटे भाग कुरिअरनं फिरतात. इथं पोरगं सायकलच्या कॅरिअरला क्रँक बांधून जातं. कोल्हापुरात जुनी गाडी उठवायला पैशांपेक्षा ही गोष्ट जास्त उपयोगी पडते असं माझं मत झालंय.

मग इंजिन. चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हातानं पुढं-मागं हलवली तर पहिल्यांदा हललीच नाही. पुन्हा तेल, पुन्हा चार दिवस. तिसऱ्या शनिवारी बोटभर हलली आणि मेस्त्रींनी चहा सांगितला. हेड उघडल्यावर कळलं की तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये रिंगा चिकटल्या होत्या आणि बोअरला गंजाची रेघ होती, नखाला लागेल एवढी. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजानं अशी चिकटलेली की टॉमी घालून उचकटावी लागली. इथं त्यांनी मला दोन पर्याय सांगितले, हे मला आवडलं. रिंगा बदलून तसंच बांधलं तर गाडी चालेल, पण तेल खाईल. बोअर केलं, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित मोठे केले, तर खर्च वाढेल, पण पुन्हा उघडावं लागणार नाही. मी बोअर म्हटलं. मूळ बोअर ६८ मिलीमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर, मिळून १०८९ सीसी. अर्धा मिलीमीटर ओव्हरसाईझ पिस्टन टाकले. त्या रात्री घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसले, ११०५ सीसी आलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "मग काय, सोळा सीसी फुकट."

पिस्टन, गॅस्केट सेट, क्लच प्लेट हे मुंबईहून आलं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, ओळखीच्या माणसाकरवी, लक्झरीच्या डिकीतून. तिथं जुन्या गाड्या सोडवून भाग विकणारी दुकानंच दुकानं आहेत. दरवाजाची हँडलं आणि पुढच्या तिकोनी काचेची चौकट सोडवलेल्या टॅक्सीची निघाली. चौकटीच्या कडेला काळ्यावर पिवळ्या रंगाची रेघ होती. मेस्त्री ती पुसणार होते, मी राहू दिली.

पेट्रोलच्या टाकीत जे होतं त्याला पेट्रोल म्हणवत नव्हतं. तपकिरी, घट्ट, वास वॉर्निशचा. टाकी उतरवून आत बारीक खडी आणि रॉकेल घालून दोन पोरांनी ती अर्धा दिवस हलवली. रेडिएटरवाल्याकडं रेडिएटर उकळून आणला, त्यातून निघालेला गाळ मला त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवला. वायरिंग उंदरांनी संपवलं होतं. ते वायरमननं नवीन ओढलं, त्याचं बिल वेगळं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती चालू झाली. बॉनेटच्या कडीला सलाईनची रिकामी बाटली टांगलेली, तिच्यात पेट्रोल, नळी थेट कार्बोरेटरला. टाकी आणि पंपाचा प्रश्न नंतर. चोक ओढला. स्टार्टर फिरला आणि कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज आला, पोरगं दोन पावलं मागं. मेस्त्री शेडच्या दुसऱ्या टोकाला हात धूत होते. तिथूनच ओरडले, "दोन आन् चारची वायर बदल." या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, पोरानं दोन आणि चारच्या प्लगच्या वायरी उलट लावल्या होत्या. बदलल्या. पुन्हा चावी. आधी दोनच सिलिंडर, मग तिसरा, मग सगळं इंजिन एकदम एका सुरात. बोअरमधलं तेल जळून पांढरा धूर इतका झाला की समोरचा फौंड्रीवाला बादली घेऊन आला. मला आबांच्या धोतराचा वास वगैरे काही आला नाही. जळक्या तेलाचाच आला. पण मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले आणि कुणी मला उठवलं नाही.

त्यानंतर गाडी हातात यायला जुलै उजाडला. आता तक्रारी.

मेस्त्री फोन उचलत नाहीत. कधीच. सोमवारी नसतात, लग्नसराईत नसतात आणि आदमापूरच्या बाळूमामांच्या अमावस्येला नसतात. खर्चाचा अंदाज देत नाहीत. "उघडल्यावर कळतंय" एवढंच. तुम्हाला शनिवारी यावं लागतं आणि आलात की बॅटरी हातात देऊन उजेड धरायला लावतात. मी ५८ वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, सहा महिने शनिवारी उजेड धरलाय. आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचं प्रकरण. त्याचा नवीन डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, टाकला, तो तीन आठवड्यांत फुगून कामातून गेला. कारण हल्ली पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. जुन्या बनावटीचं रबर ते सोसत नाही. दुसरा टाकला आणि बिलात दोन्ही लावले. मी म्हटलं, पहिला चुकीचा निवडला तो तुमचा निर्णय, त्याचे पैसे माझ्याकडं का? ते म्हणाले, दुकानातनं आणला तसा लावला, मी काय घरात बनवतोय? पाऊण तास झाला. शेवटी पहिल्याचे निम्मे. बिलावर मी लाल पेननं दुरुस्ती केली, त्यांनी सही केली. जुनी सवय.

इथेनॉलचं जरा सविस्तर सांगते, कारण जुनी गाडी घेणाऱ्याला आता हाच मोठा त्रास आहे. २०२५ पासून पंपावर जवळजवळ सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतली ओल धरतं. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या फ्लोटच्या भांड्यात पांढरी पूड बसते आणि जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बंद. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, इंजिन खोकतं आणि तापतं. मेस्त्रींनी मेन जेट एक नंबर मोठा टाकला, सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या आणि टाकीनंतर काचेचा फिल्टर लावला, म्हणजे पाणी दिसतं. मी दर आठवड्याला निदान दहा-बारा किलोमीटर फिरवते. एकदा दिवाळीत तीन आठवडे उभी राहिली तर कार्बोरेटर उघडावा लागला, तेवढ्यानं शिकले.

कागदपत्रांचं मेस्त्री बघत नाहीत, ते तुमचं तुम्ही. आरसी आबांच्या नावावर, म्हणून आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मग दादाकडून माझ्याकडं २९ आणि ३०, आणि पंधरा वर्षं उलटलेली म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. बावीस हजारांची पावती इथं कामाला आली. नूतनीकरणाची फी तेव्हा पाच हजार होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला ती दहा हजार झाली आहे, तेव्हा गुऱ्हाळात कुणाची पद्मिनी असेल तर हिशेबात धरा. पर्यावरण कर वेगळा. आणि 'व्हिंटेज' म्हणून सुटका होईल अशा भ्रमात राहू नका. त्या नियमाला पन्नास वर्षं पुरी लागतात, १९८१ ची गाडी त्यात २०३१ ला बसेल. तोवर ती फक्त जुनी.

हिशेब. गाडी २२,०००. टेम्पो ४,५००. मेस्त्रींचं बिल, दुरुस्तीनंतर, १,२८,४००. त्यात इंजिन निम्म्याहून थोडं कमी, मजुरी वाजवीपेक्षा कमी. वायरमन १३,५००. टायर आणि बॅटरी २४,६००, ५.२०-१४ साईझ मागितल्यावर दुकानातलं पोरगं ट्रॅक्टरचा आहे का म्हणालं, मग मागवून घेतले. सीट ११,०००. सरकारी फी, विमा, कर, धावपळ १४,०००. आणि रंग ५८,०००. एकूण २,७६,०००. बेरीज तपासून बघा, जुळते.

रंगाचे अठ्ठावन्न हजार मेस्त्रींच्या खात्यावर धरू नका, ते माझ्या. ते म्हणाले होते, "दोन पावसाळे जाऊ देत. गंज कुठनं फुटतोय ते दिसू दे. मग रंग." पण पुतणीचं लग्न डिसेंबरात होतं आणि नवरी फियाटमधून जावी असं घरात सगळ्यांच्या डोक्यात, माझ्या सगळ्यात जास्त. दुसरीकडं दिली. त्यांनी दाराच्या खालचा कुजका पत्रा न कापता वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि आकाशी रंग मारला, चकचकीत. लग्नात गाडीचे फोटो नवरीपेक्षा जास्त निघाले. पुढच्या जूनमध्ये दोन्ही दारांच्या खाली पापडासारखे फुगे आले. मेस्त्रींकडं नेली तर त्यांनी बोटानं एक फुगा दाबला, आतून गंजाचं पाणी आलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चालते कशी? माझ्या वहीप्रमाणं आजवर ६,३४० किलोमीटर. रस्त्यावर लिटरला बारा, गावात नऊ. साठच्या पुढं मी नेत नाही, ब्रेक आहेत पण ते आजच्या गाडीसारखे नाहीत, पाय आधी टाकावा लागतो. पन्हाळ्याचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये न तापता चढते. मेस्त्री गाडी देताना तीच परीक्षा घेतात, स्वतः शेजारी बसून, काटा बघत. गाडीला वातानुकूलन नाही, पण तिकोनी काच उघडली की वारा थेट मानेवर येतो. पावसाळ्यात मागच्या सीटला अजून कोंबड्यांचा वास येतो. फोम बदलला, कापड बदललं, तरी येतो. मेस्त्रींच्या मते स्प्रिंगात गेलाय.

तर कुणी जावं? ज्याला गाडी प्रदर्शनात लावायची आहे त्यानं जाऊ नये, तिथं क्रोम चमकवून मिळत नाही. घाई असलेल्यानं तर मुळीच नाही. ज्याच्याकडं फियाट, पद्मिनी किंवा जुनी अँबॅसिडर आहे आणि ती रस्त्यावर चालावी एवढीच इच्छा आहे, त्यानं जावं. मारुती ८०० ते घेत नाहीत. का, ते विचारू नका, मोठं पुराण आहे. एक तारा मी फोनसाठी कापलाय. डायफ्रॅमसाठी कापणार होते, पण तो हिशेब मिटलाय.

सापडायचं असं: शिवाजी उद्यमनगरात शिरलात की कुठल्याही चहाच्या गाड्यावर 'पद्मिनीवाले मेस्त्री' विचारा. फौंड्रीच्या समोरची पत्र्याची शेड, बाहेर नेहमी एक गाडी बॉनेट उघडून. दहाच्या आधी जाऊ नका. किल्ली खिशातच ठेवा, ते मागतील तेव्हा द्या. आणि मी पाठवलं म्हणून सांगू नका. मागच्या उजव्या दाराचं आतलं हँडल अजून बसायचं राहिलंय, दिवाळीनंतर या म्हणालेत, माझा नंबर मागं जाईल.